पंप कुणाकडे आहे?

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचे आठवड्याला चार तास, त्यातही निबंध बाईंनी फळ्यावर लिहायचा आणि आम्ही उतरवून घ्यायचा. त्यामुळे संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" म्हटल्यावर मी आधी हसलो होतो. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती सगळी मराठीतच घडली. खिंड, मोरी, धक्का, चढण हे शब्द मी पुस्तकात नाही, सायकलवर शिकलो. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील तर त्या प्रूफ तपासणाऱ्याच्या!

विषय आहे लांब पल्ल्याची सायकल सफर. हल्ली त्याला 'बाइकपॅकिंग' म्हणतात. म्हणजे चार-सहा दिवसांचा संसार सायकलच्याच अंगावर बांधायचा आणि निघायचं. मागे गाडी नाही, हॉटेलचं बुकिंग नाही. जुन्या पद्धतीत कॅरियरला दोन बाजूंना मोठ्या पिशव्या लटकवतात. बाइकपॅकिंगमध्ये कॅरियर नसतो. सायकलच्या फ्रेममधला तो त्रिकोण असतो ना, त्यात बसेल अशी पिशवी, एक सीटच्या खाली मागे, एक हँडलला. विकत घ्यायला गेलात तर किमती बघून घरी परत याल. आम्ही कराडात बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडून ताडपत्रीच्या शिवून घेतल्या. माप म्हणून वर्तमानपत्राचा त्रिकोण कापून नेला होता. काकांनी विचारलं, "हे कुठल्या मशीनचं कव्हर?"

एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली तरी ऐकू नका, ती म्हणजे सॅक पाठीवर घेऊन जा. पहिल्या तासाला काही वाटत नाही. चौथ्या तासाला ते सहा-सात किलो सरळ सीटवर, म्हणजे आपल्या बुडाच्या हाडांवर उतरतात, पाठ घामाने भिजते आणि उभं राहून पायडल मारताना सॅक आपल्याला डावी-उजवीकडे ढकलते. वजन सायकलला द्या. जड वस्तू खाली आणि मध्यभागी, हलक्या वर.

हा प्रकार नवीन आहे असं वाटत असेल तर थोडा इतिहास. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं मार्च १९२८ मध्ये परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. निघाले सहा, फेरी पूर्ण केली तिघांनी. त्यांचंच बघून १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव्ह नावाचा एक ऑस्ट्रियन सायकलवाला भेटला आणि पुढची सगळी वर्षं दोघं बरोबर फिरले. म्हणजे बरोबर निघालेले वाटेत कमी होतात आणि एकटा निघालेला दुकटा होतो! अलीकडचं उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं. २०१८ मध्ये तिने १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर केले, बहुतेक एकटीने. तेव्हा तिचं वय वीस होतं. माझंही आत्ता वीस आहे आणि माझी आतापर्यंतची मजल रत्नागिरी. असो.

आता आमच्याबद्दल. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून आणि सोमवार 'तब्येत बरी नव्हती' करून चार दिवस होत होते. होस्टेलचे आम्ही चौघं. नावं नको, टोपणनावं चालतील. इलेक्ट्रिकलचा 'सर्किट', कायम खिशात गोळ्या बाळगणारा 'डॉक्टर', मी, आणि 'मामा'. मामाचं नाव मामा पडलं कारण तो जी सायकल वापरायचा ती त्याच्या मामांची होती. काळी, अठ्ठावीस इंची, बिनगिअरची, दुधाची कॅन बांधायचे तसा लोखंडी कॅरियर. आम्हा तिघांकडे गिअरच्या सायकली. मामा आमच्यात सगळ्यात दणकट. रोज सकाळी ग्राउंडला पाच चकरा मारणारा एकटाच.

रस्ता असा ठरला: कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून गुहागर, हेदवी, तवसाळ, फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आत वळून निवळी, हातखंबा, पाली, साखरपा. चौथ्या दिवशी आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूड आणि कराड. सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आत. कागदावर अगदी सोपं!

निघण्याआधी मी मेसच्या टेबलावर एक हिशोब मांडला होता, तो इथे परत मांडतो, कारण तो उपयोगाचा आहे. कोकणातून वर देशावर यायचं म्हणजे साधारण ६०० मीटर उंची चढायची. मी ६०, सायकल १५, सामान १०, एकूण ८५ किलो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ५०० किलोज्यूल. आपल्या शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते, म्हणजे ५०० किलोज्यूल काम काढायला खर्च व्हायचे साधारण ५०० किलोकॅलरी. मेसच्या पाच पोळ्या. सर्किट म्हणाला, "बस? एवढंच?"

पुढे आणखी गंमत आहे. सामान पाच किलोने वाढवलं तर? साधारण माणूस तासभर टिकवू शकेल अशी ताकद १०० वॅट धरा. पाच किलो ६०० मीटर वर न्यायला २९.४ किलोज्यूल, भागिले १००, म्हणजे २९४ सेकंद. पूर्ण घाटात फक्त पाच मिनिटं जास्त! म्हणून टूथब्रश अर्धा कापणाऱ्यांचं मला हसू येतं. घाटात माणसाला मारतं ते वजन नाही, गिअर.

कसं ते बघा. ६ टक्के चढावर ८५ किलोला १०० वॅटमध्ये मिळणारा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या आसपास. माझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पुढे २८ दात, मागे २८ दात. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, २.०७ मीटर. मिनिटाला ५८ फेऱ्या पडतात, गुडघ्यांना छान चालतं. मामाच्या सायकलला पुढे ४४, मागे १८ आणि चाक मोठं. एका फेरीत साडेपाच मीटर. त्याच वेगाला मिनिटाला फक्त २२ फेऱ्या. उभं राहून, सगळं अंग एकेका पायडलवर टाकून. दहा मिनिटं ते जमतं, दीड तास कुणालाच नाही. म्हणजे मामाला घाटात सायकल हातात धरून चालावंच लागणार होतं. हे गणित मी आधी केलं नाही. माझ्या गिअरचं केलं, माझ्या वजनाचं केलं. मामाचे दात मी परत आल्यावर जिन्याखाली वाकून मोजले.

सामान मात्र आम्ही शास्त्रशुद्ध वाटलं होतं. चौघांनी चार पंप कशाला न्यायचे? एक पंप, माझ्याकडे. पाने, चेन तोडायचं हत्यार आणि पंक्चरचं साहित्य सर्किटकडे. ग्लुकोज, ओआरएस आणि औषधं अर्थात डॉक्टरकडे. ताडपत्री, पातेलं, डाळ-तांदूळ मामाकडे, कारण तो दणकट आणि त्याच्याकडेच लोखंडी कॅरियर. इतका सुंदर समतोल साधला म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

कुंभार्ली घाट उतरताना काय मजा आली ते लिहीत बसलो तर अंक पुरणार नाही. एकच सांगतो. ते ५०० किलोज्यूल उतारावर परत मिळतात आणि कुठेतरी जावे लागतात. काही वारा खातो, बाकी सगळे ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन बसतात. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळेल. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. जोरात दाबून वेग मोडायचा, मग सोडायचा, रिमला वारा लागू द्यायचा. पुढचा-मागचा आलटून पालटून. पोफळीच्या जवळ थांबून डॉक्टरने रिमला बोट लावलं आणि बोट तोंडात घातलं. औषध त्याच्याचकडे होतं, ते बरं.

दुसरा दिवस चिपळूण ते गणपतीपुळे. अंतर शंभरच्या घरात. सकाळी साडेसहाला निघालो आणि रात्री आठला पोचलो. माझ्या सायकलच्या मीटरवर प्रत्यक्ष चाक फिरल्याचा वेळ होता ७ तास १० मिनिटं. मग बाकीचे सव्वासहा तास गेले कुठे? एकाला चहा हवा, चहा झाला की दुसऱ्याला फोन, मग सर्किटची चेन पडली, मग जयगडच्या धक्क्यावर फोटो. चौघांच्या चार गरजा कधीच एका वेळी येत नाहीत, एकामागून एक येतात.

इथे आपल्या अभ्यासातली एक गोष्ट चपखल बसते. समजा एका सायकलचा एक दिवस काहीही बिघाड न होता पार पडण्याची शक्यता ०.८ आहे. चार सायकली बरोबर असल्या तर चौघांचाही दिवस सुरळीत जाण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे ०.४१. आणि असे चार दिवस सलग? जेमतेम ३ टक्के. म्हणजे ग्रुप ही सिरीज सिस्टीम आहे. एक दिवा गेला की सगळी माळ बंद. मग ग्रुपने जायचंच कशाला? तर मदतीच्या बाबतीत तोच ग्रुप पॅरलल असतो. एकाचा पंप बिघडला तर दुसऱ्याचा, एकाचं डोकं चालेना तर दुसऱ्याचं. टीव्हीवर सायकलवाले एकमेकांच्या मागे चिकटून वारा वाचवतात ना, ते आपल्या ताशी पंधराच्या वेगाला फारसं लागू नाही. पाच-दहा वॅट वाचले तर वाचले. सोबतीचा खरा फायदा पॅरललचा. मात्र पॅरललमध्ये राहायला वायर जोडलेली लागते!

आता आंबा घाट.

साखरप्याला एका देवळाच्या सभामंडपात झोपलो होतो. सोमवारी सकाळी निघालो. सगळ्यांना घरी, म्हणजे होस्टेलला, पोचायची घाई. मंगळवारी सबमिशन होतं. घाटात रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, ट्रक आले की लाल धूळ. पहिल्या दोन-तीन वळणांतच मामा मागे पडला. कुणीतरी म्हणालं, "वर थांबू, चहाला." तो मी होतो का सर्किट, यावर आमचं आजही एकमत नाही. मला वाटतं मीच.

घाट चढताना माणूस विचित्र होतो. आपली लय लागलेली असते, ती मोडावीशी वाटत नाही. थांबलो तर परत सुरू करायला जीव जातो. आणि मागे वळून बघायचं तर तोल जातो, हे एक फार सोयीचं कारण सापडतं.

वर टपरीवर पोचलो, चहा घेतला, भजी घेतली. चाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही मामाच्या सायकलवर विनोद करत होतो. तासाने विनोद संपले. फोन लावला तर रेंज नाही. मग प्रश्न आला, खाली कोण जाणार? घाट उतरायचा म्हणजे तो परत चढायचा. डॉक्टर म्हणाला माझा गुडघा दुखतोय. सर्किट म्हणाला पंप तुझ्याकडे आहे, तू जा. मी म्हणालो पंक्चर झालं असेल हे कशावरून? शेवटी आम्ही नाणं काढलं. खरंच काढलं. एक रुपयाचं.

छापा-काटा चालू असतानाच मासळीचा एक टेम्पो टपरीसमोर थांबला. मागे क्रेटवर आडवी टाकलेली काळी सायकल. पुढच्या सीटवरून मामा उतरला. तोंड पांढरं पडलेलं. मागचं चाक बसल्यावर तो थोडं अंतर तसाच ढकलत आला होता, मग उलटी झाली, मग एका मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. दीड तास. पाणी संपलेलं. त्याच्याजवळ ताडपत्री होती, पातेलं होतं, डाळ-तांदूळ होते. पंप माझ्याकडे, सोल्युशन सर्किटकडे आणि ग्लुकोज डॉक्टरकडे, सगळं वर, टपरीवर, भज्यांच्या शेजारी.

तो आमच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "पंप कुणाकडे आहे?"

पंक्चर काढलं, त्याला ओआरएस पाजलं, तासाभराने तो पुढे निघालासुद्धा. संध्याकाळी उशिरा कराडला पोचलो. मामाने सायकल होस्टेलच्या जिन्याखाली लावली आणि तिला कुलूप घातलं. नंतर तो आमच्याशी सगळं बोलायचा, क्रिकेट, केटी, मेसची भाजी. फक्त सायकलबद्दल नाही.

मामाला काय झालं होतं ते नंतर समजून घेतलं. शरीरात साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जोराचं काम केलं तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो. मग पाय कापसाचे होतात, मळमळतं, आणि मुख्य म्हणजे डोकं चालत नाही. त्या अवस्थेत माणूस योग्य निर्णय घेईल ही अपेक्षाच चूक आहे. उपाय साधा आहे. भूक लागायची वाट न बघता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं खायची. दोन केळी म्हणजे झालं, किंवा चिक्की, गूळ-शेंगदाणे. ओआरएसची पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत हवं, डॉक्टरच्या नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर मी तोच रस्ता एकट्याने केला. तोच का, असं आईने विचारलं. "माहितीतला आहे म्हणून" असं सांगितलं, ते अर्धं खरं होतं. आईची अट होती की सकाळी निघताना आणि संध्याकाळी टेकल्यावर फोन, आणि मोबाइलवर लोकेशन चालू. एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाने ही अट स्वतःहून घालून घ्यावी. आज कुठे पोचणार हे मागे कुणाला तरी ठाऊक पाहिजे. आणि खिशात रोख पैसे ठेवा. टपरीवर क्यूआर कोड सगळीकडे चिकटवलेला असतो, रेंज सगळीकडे नसते.

एकट्याचं सामान जास्त होतं, कारण आता सगळंच माझ्याकडे. पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चरचं साहित्य, अ‍ॅलन कीचा संच, चेनचं हत्यार, मागच्या चाकाच्या चार जादा तारा, दिवे, पॉवर बँक. एकूण वजन बारा किलो झालं. निघण्याआधी सायकलवाल्याकडे जाऊन दोन्ही चाकांचा आउट काढून घेतला. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: चाक फिरवल्यावर रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर ते चाक आउट आहे, आणि तारा कमी-जास्त आवळून ते सरळ करणं म्हणजे आउट काढणं. तारांचा ताण सारखा नसला की एकाच तारेवर जास्त भार येतो आणि सामान लादल्यावर ती फटकन तुटते, बहुतेक वेळा मागच्या चाकाची.

चिपळूण ते गणपतीपुळे या वेळी चाक फिरण्याचा वेळ ७ तासच, पण एकूण १० तासांत पोचलो. म्हणजे मी काही वेगवान झालो नव्हतो, फक्त थांबे एकाचेच होते.

पण खरा फरक वेगळा होता. पहिल्या सफरीत रस्त्यावरच्या कुणी आमच्याशी बोललंच नाही, आम्ही आपापसातच इतका दंगा करत होतो. एकट्याला मात्र लोक थांबवतात. हेदवीच्या अलीकडे पाणी मागायला एका घरी थांबलो तर आजी म्हणाल्या, "एकटाच? घरी माहित्ये का?" माहीत आहे म्हटल्यावर पाण्याबरोबर दोन घावन आले. तवसाळ किती लांब विचारलं तर "हे काय, इथेच, एक उतार". कोकणातला 'एक उतार' म्हणजे तीन चढ आणि चार उतार, हे पुढे कळलं. त्या किनाऱ्याच्या रस्त्याचं हेच आहे. प्रत्येक गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या काठाला, आणि दोन गावांच्या मध्ये सडा. खाली गाव, वर कातळ, परत खाली गाव. एकही चढ घाटाएवढा मोठा नाही, पण संध्याकाळपर्यंत बेरीज घाटाएवढीच होते.

एकटेपणाची दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर वाचून कुणीतरी उद्याच निघेल. गणपतीपुळ्याच्या आधी अंधार पडला, एका वळणावर कुत्री मागे लागली आणि मी वेग वाढवला. चूक. उतरून सायकल मध्ये धरून चालत राहिलं की ती बहुतेक वेळा भुंकून थांबतात. हे मला माहीत होतं, पण 'अरे थांब, पळू नकोस' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. रात्री खोलीवर जेवण समोर आलं आणि जेववेना. दिवसभर सगळे निर्णय आपणच घ्यायचे, इथे थांबू का, हे पाणी पिऊ का, हा रस्ता बरोबर आहे का. पायांपेक्षा डोकं जास्त थकतं.

चौथ्या दिवशी आंबा घाट. त्या दिवशी काहीच झालं नाही. पंक्चर नाही, उलटी नाही, हवा थंड. अर्ध्याच्या वर मला ती मोरी दिसली. मामाने सांगितलं नव्हतं, टेम्पोवाल्याने सांगितली होती, किलोमीटरच्या दगडासकट. मी सायकल कठड्याला टेकवली, केळी काढली आणि बसलो. रस्त्याचं वळण असं आहे की वरून येणारं चढत्याला दिसत नाही, नुसता आवाज येतो. आवाज आला की आपण उठतो. मग ट्रक निघतो, धूळ उडवून जातो. परत बसतो. माझ्याकडे खायला होतं, पाणी होतं, पंप फ्रेमला बांधलेला होता, आणि माझी वाट बघायला वर कुणी नव्हतं. मी वीस मिनिटं बसलो. फार वाटली. मामा तिथे दीड तास बसला होता, वर तीन मित्र आहेत हे माहीत असताना.

होस्टेलला आल्यावर दुसऱ्या दिवशी मामाच्या खोलीवर गेलो आणि हे त्याला सांगितलं. नाण्याचंही सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "छापा कुणाचा होता?" मी म्हणालो, माझा. "आणि पडलं काय?" नाणं हवेत होतं तेव्हाच टेम्पो आला, ते कुठे पडलं कुणी बघितलंच नाही.

तेव्हापासून आम्ही मिळून, मामा धरून, सामान वाटायची पद्धत बदलली आहे. ती लिहितो, कारण पुढच्या बॅचेसना उपयोगी पडेल. वजन वाटायचं, जीव वाटायचा नाही. म्हणजे ताडपत्री, पातेलं, चार्जर हे सामायिक चालेल. पण स्वतःच्या चाकाची ट्यूब, पाणी, खाणं आणि शंभराच्या पाच नोटा प्रत्येकाच्या अंगावर. पंप सगळ्यात शेवटी चालणाऱ्याकडे. बिनगिअरवाला किंवा जो कुणी सगळ्यात हळू आहे तो चढावर सगळ्यात पुढे, आणि बाकीच्यांनी त्याला ओलांडायचं नाही. हे सुरुवातीला फार अवघड जातं, पाय शिवशिवतात. मागच्याला पुढचा दिसला पाहिजे, नाही दिसला तर पुढच्या किलोमीटरच्या दगडाशी थांबायचं. रस्ता फुटत असेल तिथे सगळे गोळा झाल्याशिवाय कुणी वळायचं नाही. जिथे रेंज नाही तिथे ठरवलेल्या ठिकाणी अर्ध्या तासात कुणी आला नाही तर पंपवाला परत जाणार. कोण जाणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे नाणं लागत नाही.

यात वेळ जातो का? जातो. पावसाळा संपल्यावर कराड ते कोयनानगर अशी एक दिवसाची फेरी या पद्धतीने केली तर नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. सर्किटने कुरकुर केली. मामाची सायकल मात्र आता तीच राहिली नाही. मागची १८ दातांची फ्रीव्हील काढून त्याने २२ दातांची बसवून घेतली. मिनिटाला २२ च्या जागी २७ फेऱ्या. फार नाही, पण तो म्हणतो की छोटे चढ आता बसून निघतात. घाटात तो चालणारच, आणि आम्ही त्याच्या मागे चालणार.

जानेवारीत परत चार दिवस निघायचा विचार आहे, याच रस्त्याने. दोन-तीन जागा आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी चाकांचा आउट काढून घ्यावा आणि एकदा तरी ट्यूब स्वतःच्या हाताने बदलून बघावी. सरावासाठी पंप लागला तर तो मामाच्या खोलीत, दाराच्या मागे टांगलेला आहे. मागूनच न्यावा लागतो.